पटावरचं गाव

आमच्या गावात मराठी शाळा नंबर एक आहे, नंबर तीन आहे आणि नंबर चारही आहे. नंबर दोन नाही. परक्या माणसाला वाटावं, पोरांना अंक शिकवणाऱ्या खात्याला स्वतःलाच मोजता येईना. तसं काही नाही. नंबर दोन होती, खालच्या वाडीत, कलमांच्या बागेला लागून. तिचा पट घसरत गेला आणि एका जूनमध्ये पहिलीत बसायला कुणीच उरलं नाही. वरच्या वर्गांतली पोरं नंबर एकला जोडली, दाराला कुलूप लागलं. पण मागच्या शाळांना एकेक घर पुढे सरकवायचं धाडस कुणी केलं नाही. एक तर त्यासाठी शिक्का बदलायला हवा, शिक्क्यासाठी ठराव हवा आणि ठरावासाठी सभा. शिवाय चार नंबरच्या वाडीला तीन नंबर व्हायचंच नाहीये. "आमचे आजे चार नंबरात शिकले," असा मुद्दा ग्रामसभेत निघाला आणि विषय तिथेच मिटला.

रत्नागिरी जिल्ह्यात हे असंच असतं. गाव म्हणायला एक, पण डोंगराच्या सोंडांवर वाड्यावाड्यांनी सांडलेलं. दोन वाड्यांच्या मधे पऱ्या. उन्हाळ्यात त्यात नुसते गोटे आणि जुलैत त्याचा आवाज थेट माजघरात. पऱ्यावर साकव असला तर वाडी गावात. नसला तर पावसाचे महिने वाडी हेच गाव. म्हणून इथे वाडीगणिक शाळा निघाल्या. शिक्षणहक्क कायदा २०१० साली लागू झाला आणि पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं नियमात आलं. आमच्या म्हाताऱ्यांनी तेच आधी ठरवून टाकलं होतं, फक्त त्यांच्याकडे कायदा नव्हता, पाऊस होता.

अशा दहाबारा शाळा मिळून एक केंद्र होतं. जिल्ह्याखाली तालुका, तालुक्याखाली बीट, बीटाखाली केंद्र आणि केंद्राच्या बुडाशी मोटरसायकलवर केंद्रप्रमुख. राज्यात अशी ४,८६० केंद्रं आहेत. त्यातल्या आमच्या केंद्राचे प्रमुख म्हणजे माझे भावोजी. पद नव्वदच्या दशकातलं, पण काम जुनंच. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते आणि पुढे शाळाखात्यात असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. हे सांगताना भावोजींचा आवाज जरा भारदस्त होतो. मग ते स्वतःच जमिनीवर येतात. "गंगाधरपंतांनी त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिलं. मी काय लिहितो? माहिती तात्काळ सादर करावी."

ही माहिती म्हणजे केंद्राचं मुख्य पीक. सकाळी ग्रुपवर निरोप येतो, 'अत्यंत तातडीचे'. शौचालयं किती, त्यांतली वापरात किती. नळ किती, पाणी येणारे किती. झाडं लावली किती, जगली किती, फोटोसह. दुपारी तीच माहिती वेगळ्या रकान्यांत, आणि संध्याकाळी सकाळची माहिती जुन्या नमुन्यात भरली म्हणून पुन्हा. ताई भाजी चिरता चिरता म्हणते, "झाडं जगली का विचारतात रोज. माणूस जेवला का, कोण विचारत नाय."

पण नळ आणि झाडं या किरकोळ गोष्टी. केंद्रात खरं चलन एकच, पट. दोन शिक्षक भेटले की तब्येतीच्या आधी पट विचारतात. "काय म्हणतोय पट?" "आहे आपला, नऊ." हे ज्या सुरात सांगितलं जातं त्या सुरात पूर्वी लोक घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलत. पटावर शिक्षक ठरतात, संचमान्यता ठरते, पोषण आहाराचा तांदूळ ठरतो आणि शेवटी शाळा राहणार की जाणार तेही. म्हणून इथला शिक्षक बारशालाही जातो तो पेढ्यासाठी नाही. पाळण्यात वाकून बघताना त्याच्या डोक्यात सहा वर्षांनंतरचा जून असतो. बाळाची आई मुंबईला परत जाणार असल्याचं कळलं की त्याचा चेहरा पडतो आणि लोकांना वाटतं, गुरुजी किती हळवे.

गेल्या जूनमधला तीन नंबरचा प्रवेशोत्सव मी पाहिला. वरून आदेश असतो की नवागतांचं वाजतगाजत स्वागत करायचं. नवागत एक होती. तिच्या स्वागताला सरपंच, उपसरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, अंगणवाडीताई, पोलीसपाटील, केंद्रप्रमुख आणि लेझीमवाली मोठी पोरं. बैलगाडी आता कुणाकडे नाही, म्हणून टेम्पोला आंब्याचे टाळे बांधलेले. पोरगी टेम्पोतून उतरली, एवढी सगळी माणसं आपल्याकडेच बघतायत हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने असा सूर लावला की लेझीम थांबली. तिच्या एका हातात फुगा, दुसऱ्यात पुस्तकांचा गठ्ठा. डोळे पुसायला हातच मोकळा नाही. बाईंनी तिला कडेवर घेतलं आणि तशीच वर्गात नेली. फोटो मात्र वरच्या कार्यालयाला हवाच होता, म्हणून चौथीतली एक हसरी मुलगी नवागत म्हणून उभी केली. ती त्याच शाळेत तिसऱ्यांदा नवागत झाली होती आणि आता तिला कॅमेऱ्याकडे कसं बघायचं ते छान जमत होतं.

पटाच्या भोवती असले उद्योग व्हायचेच. २०११ च्या ऑक्टोबरात सरकारने साऱ्या राज्यातल्या शाळांची एकाच वेळी पटपडताळणी केली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात तो प्रयोग झाला होता. पोरांच्या बोटाला मतदानाची शाई लावायची, म्हणजे एकच पोरगा सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत मोजला जाऊ नये. कागदावरच्या पोरांचा मोठा पसारा त्यात उघडा पडला, तो बहुतेक अनुदान खाणाऱ्या मोठ्या संस्थांमधला. आमच्याकडे खोटी पोरं दाखवायची म्हटलं तरी सोय नव्हती. वाडीत उंबरे किती आणि त्यांत पोरं किती, हे तपासायला येणाऱ्या तलाठ्यालाही तोंडपाठ होतं.

आता मला यात गंमत वाटते ती अशी, की सरकार मोजतं फक्त पोरं. शाळेच्या पटावर अख्खं गाव असतं, ते कोणी मोजत नाही.

मतदान शाळेत. लसीकरण शाळेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे घरांचीच नाही, शाळांचीही कौलं उडाली. पण एरवी वाडीत काहीही कोसळलं तरी माणसं निघतात शाळेकडेच. गणपतीला मुंबईकर आले की ज्यांच्या घरी अंथरूण पुरत नाही त्यांची तरणी पोरं शाळेच्या पडवीत. लग्नाला शाळेची पिंपं, शाळेची सतरंजी, आणि कार्य मोठं असेल तर शाळेची बाकंही. ती परत येतात, पण त्यांवर कुणाच्या तरी लग्नाचा हळदीचा हात राहतो. असल्या बाकावर बसून पोरं पाढे म्हणतात.

आणि सगळ्यांत मोठं म्हणजे कपाटातलं जनरल रजिस्टर. कपाट लोखंडी, त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे, रजिस्टरला कापडी बांधणी आणि पानांना वाळवीने केलेली नक्षी. ज्या घराने दोन पिढ्या शाळेची पायरी चढलेली नाही, त्या घराचा पुण्यातला इंजिनियर मुलगा एके दिवशी या कपाटापुढे येऊन उभा राहतो. त्याला जातपडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी असते. कुणाला १९५० पूर्वीची, कुणाला १९६७ पूर्वीची. तो बूट काढून आत येतो, "सर" म्हणतो, पाणी दिलं तर पितो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर जुन्या पानांवरची मोडी वाचणाऱ्यांना अचानक मान आला. ज्यांनी पोरं इंग्रजी शाळेत घातली तेही मराठी शाळेत येऊन विचारू लागले, "आमचा पणजा सापडतो का बघा ना." पणजा सापडला. पटावर होता. पणतू नाही.

त्या रजिस्टरातली जन्मतारीख हे तर स्वतंत्र प्रकरण. एका विशिष्ट पिढीपर्यंतचा निम्मा गाव १ जूनला जन्मलेला आहे. पोराला घेऊन बाप शाळेत यायचा, गुरुजी विचारायचे, कधीचा? बाप सांगायचा, भात लावणीच्या वक्ताला, किंवा मोठ्या पुराच्या साली. गुरुजी पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, तारीख १ जून. भावोजींचीही तीच. त्यांची आई शेवटपर्यंत सांगत होती की हा गौरी जेवल्या त्या रात्री झाला. पण गौरीला सेवापुस्तकात रकाना नाही. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची दाटी होते आणि नारळ-शालीचा भाव चढतो. यात हसण्यासारखं आहे, पण त्या गुरुजींची मला कदरही वाटते. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे तरुणपणी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि तिथल्या साहेबांनी त्यांना वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठवलं. पुढे महर्षी झाले ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी त्यांच्याजवळ आमच्या गुरुजींचा शिक्क्यासकट दाखला असता तर साहेबाची काय बिशाद होती!

मग असं असताना पोरं कुठे गेली? काही पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याला. टाय लावून, सकाळी सातला, झोपेतच. बाकीची जन्मलीच मुंबई, विरार, नालासोपारा इथे. त्यात शिव्या कुणाला द्यायच्या? मी स्वतः गावच्या शाळेत शिकलो आणि माझी मुलगी शिकली नाही, त्यामुळे व्यासपीठावरून मराठी शाळेचे गोडवे गाणाऱ्यांत मी सहसा मागच्या खुर्चीवर बसतो.

लहान शाळेचं कौतुक करण्यालाही मर्यादा आहे. पाच-सात पोरांच्या शाळेत गुरुजींना प्रत्येकाच्या घरची म्हैस कधी व्यालीय ते माहीत असतं, हे खरं. एका खोलीत चार इयत्ता, त्यामुळे पहिलीतला पोरगा कानावर पडून पडून तिसरीची कविता आधीच पाठ करतो, हेही खरं. पण पोराला पोरं लागतात. वाशीम जिल्ह्यात गणेशपूरला एकाच विद्यार्थ्याची शाळा असल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. एक गुरुजी, एक विद्यार्थी, दोघांनी मिळून राष्ट्रगीत. लोकांनी ती कौतुकाने एकमेकांना पाठवली. मला आपलं वाटत राहिलं, मधल्या सुट्टीत त्या पोराने भांडायचं कुणाशी?

म्हणून सरकारने त्याच वर्षी समूहशाळांची कल्पना काढली तेव्हा मी एकदम उसळलो नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा-पंधरा हजार शाळा. त्या एकत्र करून एक मोठी शाळा, पोरांना गाडी, खेळाला मैदान. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले गेले. कागदावर छान दिसतं. पण कागदावर पऱ्या दिसत नाही. नकाशात दोन बोटांचं अंतर, आणि प्रत्यक्षात मधे जुलै महिना. गाडी डांबरीपर्यंत येणार. डांबरीपर्यंत सहा वर्षांच्या पोराला कोण आणणार? त्याची आई त्या वेळी गुडघाभर चिखलात भात लावत असते. आधी साकव बांधा, मग समूह करा, एवढं साधं म्हणणं भावोजींनी एका बैठकीत मांडलं. त्यांना सांगण्यात आलं की साकव हा बांधकामचा विषय आहे.

खो-खोला एका बाजूला नऊ गडी लागतात. आमच्या केंद्रातल्या बऱ्याच शाळांना ते जमत नाहीत, पण खो-खो बंद पडलेला नाही. तो शिक्षक खेळतात. २०१८ पासून बदल्या संगणकावर आल्या आणि खेळाला नवा रंग चढला. संवर्ग एकमधला, म्हणजे आधी निवडायचा हक्क असलेला शिक्षक एखादी शाळा मागतो, तिथल्याला खो बसतो. तो उठून दुसऱ्याला खो देतो. शेवटचा गडी थेट सुगमातून अवघड क्षेत्रात, साकवापलीकडे. पती-पत्नी एकत्रीकरणात तीस किलोमीटरच्या आत असलात की तुम्ही एकत्रच, असं शासन मानतं. तीस किलोमीटरला आमच्याकडे दोन घाट आणि एक खाडी लागते.

आमचे निम्मे गुरुजी घाटावरचे. पहिल्या पावसात येतात आणि छत्री उलटी कशी होते ते शिकतात. दुसऱ्या वर्षी मासे खातात. तिसऱ्या वर्षी घरी फोनवर "नाय ओ" म्हणायला लागतात. नेमके रुळले की आंतरजिल्हा बदलीचा अर्ज. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्यातून सातशेहून जास्त शिक्षक एकदम आपापल्या गावाकडे सुटले. त्यांची चूक नाही. कुणाची आई एकटी, कुणाचं लेकरू तिकडे वाढतंय. पण त्या जूनमध्ये आमच्याकडे शून्यशिक्षकी शाळा हा प्रकार बघायला मिळाला. इमारत आहे, पोरं आहेत, खिचडी शिजतेय, घंटाही आहे. शिकवणारं कुणी नाही. मग निवृत्त गुरुजींना महिना वीस हजारांवर बोलावलं. चार नंबरला जे आले त्यांनी त्या पोरांच्या बापांना शिकवलं होतं. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी सवयीने बापांचीच नावं घेतली म्हणतात. पोरं "हजर" म्हणाली.

याच खात्यात दुसरं टोकही आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ घेऊन आले, दहा लाख डॉलर्सचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटली. आमच्या पारावर ही बातमी मोठ्याने वाचली गेली. थोडा वेळ सगळे डॉलर्सचे रुपये करत होते. मग एक म्हातारा म्हणाला, "आपले पण गुरुजी हुशार आहेत ओ. पण त्यांचा दिवस त्या माहितीतच जातो."

मे महिन्यात या गावात या. पोरं मावत नाहीत. झाडावर पोरं, विहिरीत पोरं, एसटीच्या टपावर चढू बघणारी पोरं. शाळेच्या पटांगणात सकाळपासून क्रिकेट आणि चेंडू कौलांवर. कुणी मोजलीच, तर नंबर एकपासून चारपर्यंत सगळ्या शाळा भरून वर दोन तुकड्या काढाव्या लागतील. शाळेला तेव्हा कुलूप असतं. जूनमध्ये गुरुजी येतात ते फुटलेली कौलं मोजायला. ती माहितीही पाठवावी लागते.

यंदा नंबर एकची शताब्दी. मुंबई मंडळाने त्यासाठी गावात सभा लावली होती, तीही शाळेतच. लोकल बोर्डाच्या काळापासूनचे, १९६२ ला जिल्हा परिषद आल्यावर शिकलेले, सगळे माजी विद्यार्थी. वर्ग भरून पडवीत माणसं. लहानपणच्या बाकात गुडघे घालायचा प्रयत्न करणारे, भिंतीवरच्या बाराखडीखाली मोबाइलवर बोलणारे. देणग्यांचे आकडे पटापट पडले. प्रवेशद्वाराची कमान एकाने, रंगरंगोटी दुसऱ्याने, स्मरणिकेची जाहिरात तिसऱ्याने. कमानीवर कुणाच्या वडिलांचं नाव, यावर बराच वेळ गेला. पालकमंत्र्यांना बोलवायचं ठरलं. मग कार्यक्रमपत्रिका. दीपप्रज्वलन, त्यानंतर स्वागतगीत, शाळेतल्या विद्यार्थ्यांचं.

इथे बाईंनी हात वर केला. "पट सहा आहे. त्यातला एक गात नाही."

सभेला जरा अवघडल्यासारखं झालं. पण मुंबई मंडळाचे अध्यक्ष असल्या गोष्टींना अडणारे नव्हते. "मग काय झालं? शेजारच्या शाळेतली पोरं आणू की. स्टेज भरलेलं दिसायला हवं. गणवेश आपण शिवू, सगळ्यांना सारखा. कोणाला कळतंय?" टाळ्या पडल्या. तीन नंबरची सगळी, चार नंबरची जेवढी येतील तेवढी, असं तिथल्या तिथे ठरलं. सगळ्यांनी भावोजींकडे बघितलं, कारण केंद्रप्रमुखांची परवानगी लागणार.

भावोजींनी चष्मा काढून पुसला. "आणा," ते म्हणाले, "पण हजेरी ज्याची त्याच्या शाळेत लावा. आणि खिचडी कुठे खाणार तेवढं मला आजच कळवा."